महिला लोकप्रतिनिधींना पहिल्या नावानेच का ओळखले जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या महिला सदस्यांच्या प्रशिक्षण वर्गांत मी गेली काही वर्षे शिकवायला जात आहे. अंदाजपत्रक, ग्रामसभेची नोटीस, ठराव लिहिण्याची पद्धत हे विषय ठरलेले असतात. परंतु दुपारच्या जेवणानंतर सतरंजीवर बसून जे बोलणे निघते, त्यात नावाचा विषय हमखास येतो. उपसरपंचांना सगळे आडनावाने बोलावतात आणि मला मात्र नुसत्या नावाने, असे कोणीतरी हळूच म्हणते, आणि मग प्रत्येकीजवळ सांगण्यासारखे काही असतेच. त्या प्रश्नांची उत्तरे सविस्तर लिहून ठेवावीत, म्हणून हे लेखन.

विदर्भात पुरुष पुढाऱ्यांनाही पहिल्या नावानेच ओळखतात. मग तक्रार कशाची?

ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवे. वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, जांबुवंतराव धोटे हे लोकांच्या तोंडी वसंतराव, सुधाकरराव, जांबुवंतराव असेच होते, डॉ. पंजाबराव देशमुख तर आजही भाऊसाहेब आहेत. मराठीत पहिले नाव घेणे हा मुळात अपमान नव्हे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतील तक्रार जशीच्या तशी उचलून आपल्या पारावर आणली, तर ती येथे लागू पडणार नाही.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला असा की, राव, भाऊ, दादा, साहेब असे काहीतरी जोडल्याशिवाय मोठ्या पुरुषाचे नाव चारचौघांत सहसा घेतले जात नाही. बाईचे नाव नुसते घेताना मात्र कोणाची जीभ अडखळत नाही. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुरुषाचे नाव बोलण्यातून लिहिण्यात येताना बदलते. सभेत ते नितीनभाऊ किंवा देवेंद्रजी असतात, पण बातमीत आणि पुस्तकात ते गडकरी आणि फडणवीस होतात. बाईचे पहिले नाव मात्र पारावर, बातमीत, फलकावर आणि पुढे इतिहासाच्या पुस्तकातही तेच राहते. ज्योतिराव ‘फुले’ झाले, सावित्रीबाई मात्र सावित्रीबाईच राहिल्या. नुसते ‘रानडे’ म्हटले की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे डोळ्यांपुढे येतात. नुसते ‘रमाबाई’ म्हटले तर रमाबाई रानडे, पंडिता रमाबाई की रमाबाई आंबेडकर, असे विचारावे लागते. तिघींची आयुष्ये आणि कामे एकमेकींपासून किती वेगळी आहेत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या गफलतीचे वाईट वाटल्याशिवाय राहणार नाही.

‘ताई’ म्हणणे हा मान नाही का?

मान आहे, आणि तो मनापासून दिला जातो. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या मुलीच्या वयाच्या आमदाराला ताई म्हणावे, यात जो आपलेपणा आहे तो टाकून देण्यासारखा नाही. परंतु ताई हे नात्याचे नाव आहे आणि नात्याबरोबर अपेक्षा येतात. ताईने ऐकून घ्यावे, सांभाळून घ्यावे, रागावू नये, रात्री-अपरात्री फोन उचलावा, आणि भावाने थकवलेली घरपट्टी मागताना थोडा संकोच करावा, असे गाव गृहीत धरते. भाऊ किंवा दादा या शब्दांतही नाते आहेच, पण त्या नात्यात अधिकार मुरलेला आहे. दादाने आवाज चढवला तर तो त्याचा हक्क समजला जातो, ताईने चढवला तर तिचा स्वभाव काढला जातो.

बाई, वहिनी, ताई, मॅडम यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो ऐकणाऱ्याला नेमका कळतो. जुन्या पिढीत ‘बाई’ हा पूर्ण मानाचा प्रत्यय होता. १९३७ नंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती झालेल्या आणि पुढे १९५२ व १९५७ मध्ये नागपूरहून लोकसभेवर निवडून गेलेल्या अनसूयाबाई काळे यांच्या नावातील ‘बाई’ तशी होती. आज हा शब्द शाळेतल्या शिक्षिकेपुरता आणि घरकामाला येणाऱ्या स्त्रीपुरता उरला, म्हणून राजकारणात त्याची जागा ‘ताई’ने घेतली. ‘मॅडम’ तहसील आणि पंचायत समितीच्या कार्यालयात ऐकू येते. तेथे ते पदाला उद्देशून असते आणि बदली झाली की नव्या मॅडमना लागू होते.

‘वहिनी’ची गोष्ट वेगळी आहे. ताई ही स्वतः कोणाची तरी बहीण असते, वहिनी मात्र भावामुळे वहिनी होते. पती पुढारी असेल आणि जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून पत्नी उभी राहिली असेल, तर पहिली दोन-तीन वर्षे कार्यकर्ते तिला वहिनी म्हणतात. ज्या दिवशी तेच कार्यकर्ते नकळत ताई म्हणू लागतात, त्या दिवशी तिने त्या खुर्चीवर स्वतःचे पाय रोवले असे समजायला हरकत नाही. मी हे अनेक गावांत घडताना पाहिले आहे, आणि काही गावांत पाच वर्षे उलटली तरी घडलेले पाहिलेले नाही.

स्त्रीचे आडनाव लग्नानंतर बदलते, म्हणून पहिले नाव वापरणेच सोयीचे नाही का?

सर्व कारणांत हे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. पुरुषाला जन्मतः तीन शब्दांचे नाव मिळते आणि ते मरेपर्यंत टिकते. स्त्रीच्या नावातला मधला शब्द वडिलांचा असतो आणि पुढे पतीचा होतो, शेवटचा शब्द माहेरचा असतो आणि पुढे सासरचा होतो. काही घरांत तर लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवे नाव लिहितात आणि पहिला शब्दही बदलून टाकतात. त्यानंतर सासरच्या गावात तिला त्या नावानेही कोणी बोलावत नाही. ती आर्वीवाली, पुसदवाली, दर्यापूरवाली होते, म्हणजे ज्या गावाहून आली त्या गावाची होते, आणि मूल झाल्यावर अमक्याची माय होते. अशा बाईला निवडून आल्यावर लोकांनी तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारणे, ही काहींच्या आयुष्यात वीस-पंचवीस वर्षांनी प्रथमच घडणारी गोष्ट असते. एका सदस्य महिलेने मला सांगितले की, प्रचाराच्या भोंग्यातून स्वतःचे नाव ऐकले तेव्हा क्षणभर ते दुसऱ्याच कोणाचे तरी वाटले. तिच्यापुढे पहिल्या नावाला अपमान म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

या बदलत्या नावाचा त्रास उमेदवारी अर्ज भरताना उघडा पडतो. जात जन्माने, वडिलांकडून ठरते, त्यामुळे जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे असते. शाळा सोडल्याचा दाखलाही माहेरचा. मतदार यादीत नाव सासरचे. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवण्यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदल किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी काहीतरी जोडावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील एका महिलेने कापडाच्या पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यापुढे मांडला होता. तिन्ही कागदांवर मधले नाव आणि आडनाव यांचा मेळ नव्हता. एकच शब्द तिन्ही ठिकाणी सारखा होता, तो म्हणजे तिचे पहिले नाव, आणि त्यातही एका ठिकाणी वेलांटी ऱ्हस्व होती. पुरुष उमेदवाराला ही पिशवी सांभाळावी लागत नाही.

आडनाव ठरवून राखणाऱ्याही आहेत. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचा विवाह १९६५ मध्ये अमरावतीच्या देवीसिंह शेखावत यांच्याशी झाला. त्यांचे नाव प्रतिभा देवीसिंह पाटील असे लिहिले जाते, म्हणजे मधले नाव पतीचे आणि आडनाव माहेरचे. १९९९ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर गेलेल्या भावना गवळी आणि तिवशाच्या आमदार राहिलेल्या यशोमती ठाकूर यांनीही आपल्या वडिलांचेच आडनाव राजकारणात चालवले. या तिघींचे आडनाव पूर्ण कारकिर्दीत कधी बदललेले नाही, आणि तरीही लोकांच्या तोंडी प्रतिभाताई, भावनाताई आणि यशोमतीताईच आहेत. तेव्हा बदलते आडनाव हे कारण बरेच काही सांगते, परंतु सगळे सांगत नाही.

बातमीत जागा कमी असते आणि ही स्त्री आहे हे वाचकाला कळावे लागते, असे पत्रकार सांगतात. ते बरोबर आहे का?

दोन्ही कारणे तपासून पाहिली तर टिकत नाहीत. जागेचे म्हणाल, तर ‘गवळी’ हा शब्द ‘भावनाताई’पेक्षा लहान आहे आणि ‘ठाकूर’ हा ‘यशोमती’पेक्षा लहान आहे. कळण्याचे म्हणाल, तर ती अडचण इंग्रजीची आहे, मराठीची नाही. इंग्रजी क्रियापदावरून कर्ता पुरुष आहे की स्त्री हे समजत नाही, म्हणून तेथे पहिले नाव घालण्याची गरज वाटू शकते. आपल्याकडे ‘ठाकूर म्हणाल्या’, ‘गवळी पोहोचल्या’ एवढे लिहिले की पुरे होते. ‘यांनी सांगितले’ अशी रचना केली तर मात्र लिंग कळत नाही, हे खरे. तेव्हा पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे, आणि ते तर पुरुषाचेही द्यायचेच असते.

एकाच घरातील दोन पुढारी असतील तर?

तेथे पहिले नाव घेणे रास्त आहे. अमरावती जिल्ह्यात नुसते ‘राणा’ लिहिले तर रवी राणा की नवनीत राणा, हे कळणार नाही. पारख अशी करावी की, त्याच घरातील पुरुषालाही पहिल्या नावाने लिहिले जाते का? अजित पवार आणि शरद पवार यांना वेगळे ओळखता यावे म्हणून दोघांचीही पहिली नावे छापली जातात, तेव्हा तो नियम समान झाला. पतीला नुसते आडनाव आणि पत्नीला नुसते नाव दिले जात असेल, तर आडनाव पतीच्या मालकीचे आहे असे आपण न बोलता ठरवून टाकलेले असते.

हे फक्त आपल्याकडेच होते का?

नाही. अमेरिकेत स्टाव अटीर आणि मेलिसा फर्ग्युसन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये या विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांविषयी लिहिलेले अभिप्राय, रेडिओवरील राजकीय चर्चा अशी सामग्री त्यांनी तपासली, तेव्हा पुरुषांचा उल्लेख नुसत्या आडनावाने होण्याचे प्रमाण स्त्रियांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळले. त्यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: काम तेच असूनही ज्या व्यक्तीचा उल्लेख नुसत्या आडनावाने झाला, तिला वाचकांनी अधिक नामवंत मानले. हा निष्कर्ष अमेरिकेतील आहे आणि आपल्या राव-ताईंच्या भाषेला तो थेट लावू नये, असे माझे मत आहे. तरीही सवयीने घेतलेल्या नावातून माणसाची उंची ठरते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

हिलरी क्लिंटन यांचे उदाहरण येथे बोलके आहे. लग्नानंतरही त्यांनी रॉडम हे माहेरचे आडनाव ठेवले होते. १९८० मध्ये पती बिल क्लिंटन आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले आणि १९८२ च्या प्रचारात त्या क्लिंटन हे आडनाव लावू लागल्या. पुढे २०१६ मध्ये अध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या प्रचारातही ‘हिलरी’ हेच नाव होते, कारण क्लिंटन म्हटले की आधी पती आठवत. उलट मार्गारेट थॅचर आणि अँगेला मर्केल या दोघींना जग आडनावाने ओळखते. ती दोन्ही आडनावे पतींची होती. मर्केल यांनी तर १९८२ मध्ये घटस्फोट झाल्यावरही ते आडनाव तसेच ठेवले.

मायावती, जयललिता यांना तर आडनावच लावले जात नाही.

ती वेगळी उदाहरणे आहेत. तमिळनाडूत आपल्यासारखे आडनाव लावण्याची रीत नाही. तेथे पुरुषही एकाच नावाने आणि पुढे आद्याक्षर लावून ओळखले जातात. मायावती यांनी तर स्वतःच एकच नाव ठेवले आहे. या नावांवरून आपल्या प्रश्नाचे उत्तर काढू नये.

पुढारी महिला स्वतःच फलकावर ‘ताई’ छापतात, मग इतरांना दोष कसा द्यायचा?

दोष देऊच नये. निवडणुकीत लोकांना माहीत असलेले नाव मते आणते, आणि मतपत्रिकेवर आपले नाव कोणत्या रूपात असावे याची विनंती उमेदवाराला निवडणूक अधिकाऱ्याकडे करता येते. २०२४ मध्ये चंद्रपूरहून लोकसभेवर निवडून आलेल्या प्रतिभा धानोरकर यांचे नाव उमेदवारांच्या यादीत ‘धानोरकर प्रतिभा सुरेश उर्फ बाळूभाऊ’ असे होते. त्यांचे पती, आधीचे खासदार बाळू धानोरकर यांचे मे २०२३ मध्ये निधन झाले होते. त्या एका ओळीत आडनाव आहे, तिचे नाव आहे, पतीचे कागदावरचे नाव आहे आणि लोकांनी पतीला प्रेमाने दिलेले नावही आहे. त्यावर टीका करावी असे मला वाटत नाही; दुःखात असलेल्या मतदारसंघाला ती ओळ वाचताच ओळख पटली असेल. पण पुरुष उमेदवाराच्या नावात पत्नीचे लाडके नाव ‘उर्फ’ लावून आलेले मी तरी पाहिलेले नाही.

ग्रामपंचायतीच्या कागदपत्रांत नाव कसे लिहिले जाते, याने काही बिघडते का?

बिघडते, आणि सर्वांत जास्त येथेच बिघडते. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण ५० टक्के आहे. म्हणजे आज निम्म्या खुर्च्यांवर स्त्रिया आहेत. परंतु सभेचे कार्यवृत्त उघडून पाहिले तर पुष्कळदा सूचक म्हणून ‘श्री.’ आणि आडनाव असते आणि अनुमोदक म्हणून नुसती एक ताई असते.

वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत नऊ सदस्यांपैकी दोघींचे पहिले नाव एकच होते. एकीने सलग तीन सभांत वस्तीवरच्या हातपंपाचा विषय लावून धरला आणि शेवटी ठराव करून घेतला. वहीत लिहिले गेले ते फक्त नाव आणि ताई. पुढच्या निवडणुकीत दोघीही उभ्या होत्या, आणि दोघींच्या पत्रकांवर तो हातपंप होता. ज्या बाईने ते काम केले होते ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि त्या ओळीवर बोट ठेवून, ही मीच आहे हे कशावरून सिद्ध करू, असे विचारू लागली. निळ्या शाईतली ती ओळ स्पष्ट होती, अक्षर वळणदार होते, आणि तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून प्रत्येक वर्गात मी हेच आधी सांगतो: कार्यवृत्तावर सही करण्यापूर्वी आपले पूर्ण नाव लिहिले आहे की नाही ते पाहा, आणि नसेल तर तेथेच लिहून घ्या.

नावापुढे सौ. लावावे की श्रीमती?

पुरुषाला ‘श्री.’ एकच, त्यावरून त्याचे लग्न झाले की नाही, पत्नी हयात आहे की नाही, काहीच कळत नाही. आपल्याकडे मात्र कु., सौ., श्रीमती आणि गं. भा. यांतून बाईचा सगळा संसार फलकावर मांडला जातो. सरपंच असताना पतीचे निधन झाले म्हणून कार्यालयाच्या फलकावर ‘सौ.’वर रंग फिरवून ‘श्रीमती’ लिहिलेले मी पाहिले आहे. खालचा जुना शब्द उन्हात पुसट दिसत होता, आणि त्या बाईला रोज त्याखालून आत जावे लागत होते. सर्वांना सरसकट ‘श्रीमती’ लावावे, किंवा नावापुढे काहीही न लावता नावाखाली फक्त पद लिहावे.

पुढच्या पिढीचे नाव तरी वेगळे असेल का?

थोडे वेगळे असेल. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. आईचे पहिले नाव प्रथमच मुलाच्या नावात येत आहे.

भर सभेत कोणी नुसत्या नावाने हाक मारली तर काय करावे?

कोण हाक मारतो ते पाहावे. शेजारची आजी असेल, लहानपणापासून ओळखणारे काका असतील, तर त्या हाकेला ‘ओ’ द्यावी. परंतु सभा सुरू झाल्यावर सदस्याने, ग्रामसेवकाने किंवा अधिकाऱ्याने नुसते नाव घेतले, तर शांतपणे सांगावे की, आपण उपसरपंचांना ज्या प्रकारे बोलावता त्याच प्रकारे मलाही बोलवा. ते आडनाव घेत असतील तर आडनाव, भाऊ म्हणत असतील तर ताई, पदाने बोलावत असतील तर पद. एका सरपंच महिलेने हे पहिल्याच मासिक सभेत सांगितले आणि ते कार्यवृत्तात नोंदवायला लावले. त्या ग्रामपंचायतीत आजही सभेचे कामकाज ‘सरपंच’, ‘उपसरपंच’, ‘सदस्य’ या शब्दांनी चालते, आणि सभा संपल्यावर चहा घेताना सगळे पुन्हा भाऊ, काका आणि ताई होतात.